मिलिटरीचा टायर आणि आपली काळी माती

उटनूरच्या बाजाराच्या दिवशी बसथांब्याजवळ जरा वेळ उभे राहावे आणि माणसांऐवजी चाके पाहावीत. नारनूर, जैनूर, इंद्रवेल्लीकडून माणसांनी खचाखच भरून येणाऱ्या जीपगाड्यांपैकी एखादीचे टायर वेगळेच दिसतात. जाड, काळेकभिन्न, मध्ये आडव्या पट्ट्या आणि दोन्ही कडांना चौकोनी खुंट. गाडी जुनी, रंग उडालेला, पण टायरकडे बोट दाखवताना मालकाची छाती फुगते. "मिलिटरीचा माल हाये सर, नव्याले बी आयकत नाही!"

'मिलिटरीचा माल' या दोन शब्दांवर आपल्या माणसाचा फार भरवसा. मिलिटरीचे ब्लँकेट, मिलिटरीचे बूट, मिलिटरीची ताडपत्री आणि आता मिलिटरीचा टायर. सरकारने सैन्यासाठी घेतलेली वस्तू हलकी असणारच नाही, हा त्यामागचा विचार. तो अगदीच चुकीचा नाही. पण सैन्याने ती वस्तू कशासाठी घेतली होती, हा प्रश्न आपण विचारत नाही. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला तो विचारावासा वाटतो, कारण टायरची परीक्षा शेवटी मातीच घेते. आणि या गाड्यांत बसून शाळेची मुले, बाजारकरू बायका आणि दवाखान्यात निघालेले रोगीही जातात, म्हणून हा विषय एकट्या ड्रायव्हरचा राहत नाही.

आमचा आदिलाबाद आणि तुमच्यापैकी अनेकांचा बिदर हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे. राज्य पुनर्रचनेत बिदर म्हैसूरकडे गेला, आदिलाबाद आंध्रात आला, तर आमचे किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले. २०१४ पासून आम्ही तेलंगणात आहोत आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. सरहद्दी बदलल्या, माती मात्र तीच राहिली. कानडीत तिला एरे म्हणतात, तेलुगूत रेगडी, आपण नुसते 'काळी' म्हणतो. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चपलेला शेरभर चिखल, हा तिचा स्वभाव पैनगंगेपासून मांजरेपर्यंत सारखाच.

या टायरची कुळकथा दुसऱ्या महायुद्धापासून सुरू होते. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बांधल्या. साधारण अकराशे किलोची ही चिमुकली गाडी, तिला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर. युद्ध संपले तेव्हा भारतात दोस्त सैन्याच्या गाड्या, सुटे भाग, टायर यांचे डोंगर पडून होते. सरकारने ते विकायला काढले आणि 'डिस्पोजल' हा शब्द आपल्या भाषेत आला. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा ट्रक, डिस्पोजलचा तंबू! बंगालमधल्या पानागढला युद्धकाळात अमेरिकन तळ होता, तिथे तर जुन्या लष्करी गाड्यांचा बाजारच उभा राहिला. फिलिपिन्समध्ये लोकांनी अशाच उरलेल्या जीप लांबवून, रंगवून 'जीपनी' नावाची प्रवासी गाडी केली. इकडे मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे जीप म्हणजे महिंद्रा असे समीकरण झाले.

नंतर आपल्या सैन्याच्याच गाड्या निघाल्या. जबलपूरला शक्तिमान ट्रक आणि १९६९ पासून जोंगा बनू लागली, १९९१ पासून जिप्सी सैन्यात आली. वय झाले की या गाड्या लिलावात निघतात. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात आठवा. वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद, बंगळूर करीत तो कन्याकुमारीला जायचा. (आता आमच्या बाजूला त्याचा क्रमांक चव्वेचाळीस झाला आहे.) जबलपूर आणि सिकंदराबाद ही दोन लष्करी ठाणी एकाच सडकेवर आणि मध्ये आम्ही.

पण रबरी चाकाची आणि आपली खरी ओळख जीपने करून दिलेली नाही. ती बंडीने करून दिली. बंडी हा शब्द विदर्भात चालतो, तेलुगूत चालतो आणि कानडीतही चालतो. तीन भाषांना एकच गाडी ओढायची असल्यावर शब्द तरी वेगळे कशाला? कानडी घरातल्या वाचकांना आणखी एक गंमत सांगायला नको, तरी सांगतो. गाली म्हणजे चाक आणि गाळी म्हणजे वारा. एका अक्षराचा फरक. चाकात वारा भरायची कल्पना १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने यशस्वी करून दाखवली, तेव्हा त्याला कानडी येत नव्हते, एवढेच!

१९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना बंगालमधील साहागंजला निघाला. बैलगाडीसाठी हवेच्या चाकांची जोडी बाजारात आली आणि 'डनलॉप गाडी' हे नाव इतके रुजले, की टायर कोणत्याही कंपनीचा असला तरी गाडी डनलॉपच. ऊसपट्ट्यात तिलाच टायरगाडी म्हणतात. निपाणी-चिकोडीपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत साखर कारखान्यांच्या रस्त्यावर बीडकडच्या तोडणी मजुरांच्या टायरगाड्यांची रांग ज्याने पाहिली नाही, असा या पट्ट्यातला माणूस विरळाच. ज्यांना नवी चाके परवडत नव्हती, त्यांनी मोटारींची, ट्रकची जुनी चाके बसवली. राजस्थानात तर उंटगाड्यांना विमानाचे टाकाऊ टायर लावतात. विमानाचा टायर फार मोठे ओझे पेलतो, पण थोडा वेळच. लांब पल्ल्यावर वेगाने पळवला तर तो तापतो. उंटाच्या चालीला तो तापायचा प्रश्न येत नाही. जुन्या टायरचा असा शहाणपणाने केलेला उपयोग मला दुसरा माहीत नाही.

बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी या विषयाला आयुष्याचा मोठा भाग दिला. व्यवस्थापनशास्त्राचा एवढा मोठा माणूस बैलाच्या खांद्याची काळजी करत बसला, याचे तेव्हा अनेकांना हसू आले असेल. देशातल्या बैलगाड्यांची संख्या दीड कोटीच्या घरात आहे आणि त्यांच्याकडे कोणी इंजिनियर म्हणून पाहतच नाही, हे त्यांचे म्हणणे. लोखंडी धावेचे लाकडी चाक रस्ता कापते, प्रत्येक दगडाचा दणका जुवातून बैलाच्या मानेवर जातो. हवेचे चाक तो दणका पोटात घेते. पक्क्या सडकेवर तीच जोडी जवळजवळ दुप्पट ओझे ओढू शकते.

मग सगळ्यांनी लाकडी चाके लगेच का टाकली नाहीत? पैसा हे एक कारण, बाभळीचा काटा हे दुसरे. तिसरे कारण उताराचे. टायरगाडी इतकी हलकी पळते की उतारावर ती बैलांच्या अंगावर येते. ब्रेक नसेल तर निर्मलचा घाट उतरताना बैलाने गाडी रोखायची की गाडीने बैलाला ढकलायचे, अशी झुंज लागते. आणि चौथे कारण काळ्या मातीचे, ज्यासाठी मी ही सगळी बंडी इथपर्यंत हाकत आणली.

लाकडी चाक उंच असते, पुरुषभर नसले तरी छातीला लागणारे, आणि धाव चार बोटांची. पहिल्या पावसाने वरची वीतभर माती ओली झालेली असते, खाली जमीन अजून कोरडी आणि घट्ट. असे उंच, अरुंद चाक वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकते आणि चालत राहते. रुंद, बुटके चाक वरच्या चिखलावरच बसते आणि घसरते. केस्लापूरच्या नागोबा जत्रेला मेसराम कुळातली गोंड कुटुंबे बंड्या घेऊन येतात. ती जत्रा पौष अमावास्येला भरते, तेव्हा वाटा कोरड्या असतात. श्रावणात त्याच पांदणीने त्याच बंड्या न्या म्हटले, तर जुनी माणसे आधी आभाळाकडे पाहतील, मग चाकाकडे आणि शेवटी बैलांकडे.

आता पुन्हा त्या मिलिटरी टायरकडे वळू. जुन्या लष्करी जीपच्या टायरची नक्षी नीट पाहा. ती दोन्ही दिशांना सारखी असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एन.डी.टी. म्हणतात, म्हणजे जिला पुढची-मागची दिशा नाही अशी नक्षी. मातीवर उमटलेल्या मागावरून गाडी कुठल्या दिशेला गेली हे शत्रूला कळू नये म्हणून ती केली, असे लोक चवीने सांगतात. ते खरे असो वा नसो, त्याहून साधे फायदे उघड आहेत. तो टायर कुठल्याही चाकावर, कुठल्याही बाजूने बसतो. अंधारात, गोळीबारात चाक बदलणाऱ्या शिपायाला उलटे-सुलटे पाहावे लागत नाही. गाडी मागे घेतानाही पकड तेवढीच राहते. आणि एकच टायर वाळवंटात, डोंगरात, डांबरी सडकेवर सगळीकडे चालवता येतो. सैन्याला हजारो गाड्यांना पुरवठा करायचा असतो, तिथे कामचलाऊ पण सगळीकडे चालणारी वस्तू लागते.

आपल्याला सगळीकडे जायचे नसते. आपल्याला उटनूरहून गुड्यावर जायचे असते, किंवा बेला-जैनदच्या कापसाच्या शेतातून बाहेर पडायचे असते. या दोन वाटा एका जिल्ह्यात असल्या तरी दोन वेगळे देश आहेत. उटनूरकडच्या सातमाळा डोंगररांगांत काळा दगड, मुरूम, ओढ्यातले गोटे. तिथे हा टायर खरोखर आपला वाटतो. त्याची बाजू जाड असते, धारदार दगड लागला तरी सहज कापत नाही. आडव्या पट्ट्या मुरमात रुततात. ओझे भरलेले असले तरी तो दबत नाही. त्या भागातल्या ड्रायव्हरने या टायरचे कौतुक केले तर मी वाद घालणार नाही.

पैनगंगेच्या काठच्या काळ्या रानात मात्र गोष्ट उलटी होते. या मातीचे कण अतिशय बारीक, पाणी पिऊन फुगणारे आणि चिकट. टायरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या खाचा बंदिस्त असल्यासारख्या असतात. त्यात माती जाते, पण निघत नाही. चार फेरे झाले की खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. नवा कोरा टायर आणि गोटा झालेला टायर यांत मग काही फरक उरत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे पाहा म्हणजे उलगडा होईल. त्याचे उंचवटे तिरपे, मधून कडेकडे उघडत जाणारे असतात. चाक फिरले की माती कडेने बाहेर फेकली जाते. म्हणून तर तो टायर उलटा बसवला की भरतो, हे आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. टोक आधी जमिनीला लागले पाहिजे.

सैन्याला ही अडचण माहीत नव्हती असे नाही. चिखलात ते चाकांना साखळ्या बांधत. हवा कमी करत, म्हणजे टायर पसरून पाऊल मोठे होते. आणि मुख्य म्हणजे जीपची चारही चाके ओढत. जीपच्या कीर्तीतला मोठा वाटा त्या चार चाकांच्या ओढीचा आहे, टायरचा थोडा. आपल्याकडच्या पुष्कळ प्रवासी जीपगाड्यांना फक्त मागची दोन चाके ओढतात. त्यांना मिलिटरी टायर लावणे म्हणजे पैलवानाचा लंगोट नेसून फडात उतरणे! आणि भाद्रपदात, माती खोलवर भिजल्यावर, कुठलाच टायर चालत नाही. तेव्हा देवणी बैलांची जोडी बोलवावी किंवा दोन दिवस थांबावे. ज्याला थांबता येत नाही, म्हणजे ज्याच्या घरी बाळंतीण अडली आहे, त्याला टायर नको, रस्ता हवा. हे मात्र टायर विकणाऱ्याला सांगून उपयोग नाही.

मातीचा हिशेब झाला, तरी वयाचा राहतो आणि तो जास्त धोक्याचा आहे. लष्करी सामानाचा लिलाव आता एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत इंटरनेटवर होतो. माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर विकला जातो. तो घेणारा मोठा व्यापारी, त्याच्याकडून लहान आणि त्याच्याकडून आपल्या गावचा टायरवाला. तिथपर्यंत येताना टायर सैन्यात किती वर्षे होता, उन्हात किती वर्षे पडला होता, हे सांगणारा कोणी उरत नाही. सैन्यातली गाडी कमी पळते, म्हणून नक्षी शाबूत दिसते. पण रबर न वापरताही म्हातारे होते. हवेने, उन्हाने ते कडक होते आणि बाजूला बारीक चिरा पडतात, सुकलेल्या शेतासारख्या. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा असा टायर महामार्गावर ऐंशीच्या वेगाने पळवला तर वरचे रबर आतल्या धाग्यांपासून सुटू शकते. आत पंधरा माणसे बसलेली असतात.

टायरची जन्मतारीख त्याच्या बाजूवर कोरलेली असते. लंबगोल चौकटीत शेवटचे चार आकडे पाहा. ३४१२ असेल तर २०१२ सालचा चौतिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा, त्याला हात जोडून परत पाठवावे. आकडे एकाच बाजूला असतात, बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतली बाजू पाहावी. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर निवृत्ती, असे बहुतेक टायर कंपन्या सांगतात. नोकरदाराला ठरलेल्या वयात घरी बसवणारे आपण टायरला मात्र मुदतवाढ देत राहतो. आकडा खरडून काढलेला दिसला तर पुढे बोलणेच नको.

ट्रकच्या मोठ्या टायरचा एक धोका वेगळा सांगतो. शक्तिमानसारख्या जुन्या ट्रकची चाके ट्रॉलीला बसवायची हौस अनेकांना असते. या चाकांची रिम अखंड नसते, टायर चढवून वर लोखंडी रिंग अडकवतात. रिंग गंजलेली असेल किंवा नीट बसली नसेल, तर हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी उडते. माणूस जागीच जाऊ शकतो. नीट काम करणारा पंक्चरवाला चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. पिंजरा नसेल तर तिथे ते काम करवून घेऊ नये. आणि हवा भरताना पाहायला मुले घोळका करतात, त्यांना लांब न्यावे. त्यांना ती गंमत वाटते.

बाकी गोष्टी थोडक्यात. एका आसावर एक रेडियल आणि एक साधा नायलॉनचा असे टायर लावू नयेत, गाडी वळणावर दगा देते. मापापेक्षा मोठा टायर लावला की वेगाचा काटा खोटे बोलू लागतो, क्लच लवकर जातो आणि वळवताना चाक पत्र्याला घासते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवले आहे. नक्षीची खोली चारचाकीला १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. चिखलात हवा काढली असेल तर डांबरी रस्त्याला लागण्याआधी ती पुन्हा भरावी. तीस-पस्तीस पौंडांचा टायर पंधरा-अठरा पौंडांवर पळवला की तापून फुटतो आणि बदनाम होतो तो टायरवाला.

तरीही कोणी विचारले, की घ्यावा का मिलिटरीचा टायर? डोंगरातल्या, दगडाच्या वाटेवर, चाळीसच्या आत चालणाऱ्या गाडीला, पाच-सहा वर्षांच्या आतला मिळत असेल तर खुशाल घ्यावा. शेतातल्या ट्रॉलीला किंवा बंडीला थोडा जुनाही चालेल, चिरा पडलेल्या नसाव्यात. काळ्या रानातल्या जीपला घेऊ नये. आणि रोज महामार्गावर माणसे वाहणाऱ्या गाडीला तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

निवृत्त झालेल्या टायरला आपल्याकडे काम कमी नाही. पूर्वी चांभार त्याचे तळवे कापून चपला करायचे. त्या झिजत नसत, माणूस झिजायचा. मधून उभा चिरलेला टायर गोठ्यात गव्हाण होतो, जाड ट्यूब विहिरीत पोहायला शिकवते, चिंचेला बांधलेला टायर झोका होतो. फक्त अंगणात टायर नुसता टाकून ठेवू नये. पावसाचे पाणी त्याच्या पोटात साचते आणि दिवसा चावणारा डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. झोक्याच्या टायरलाही तळाशी तीन-चार भोके पाडून घ्यावीत. पंक्चरवाल्याकडची तापवलेली सळई त्याला पुरते.